ताडाखालचा झिरा

जव्हार
१९ जानेवारी २००४

मधु,

आशीर्वाद वगैरे मागून. आधी ओरडून घेते, कारण दहा-अकरा वर्षांचं ओरडणं साठलंय आणि पत्ता आत्ता कुठे मिळालाय.

नवेद आठवतो? बांगडीवाल्या गुलामचाचांचा धाकटा. माझ्या वर्गात होता, पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघायचा. आता त्याचा टेंपो आहे. दमणहून प्लास्टिकच्या बादल्या, मग, डबे आणतो आणि जव्हार-मोखाड्याच्या बाजारात विकतो. परवा शाळेच्या फाटकात मला थांबवून म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ भेटला." मी म्हटलं, "कोणता?" जसे काय मला चार-पाच आहेत! तर म्हणाला, "दमणच्या जरा पलीकडं एक किनारा आहे, तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मी चहाला थांबलो तर एक जण जाळं शिवत बसला होता आणि सुई टोचली म्हणून तुमच्या जामसर गावच्या बोलीत शिव्या घालत होता. नाव विचारलं तर म्हणाला, मधु, रघुचा."

मी फाटकाला धरून उभी राहिले. पोरं बघत होती म्हणून तिथं रडले नाही. घरी भाकऱ्या थापताना रडले. तुझे भावजी म्हणाले, पीठ खारट होईल. वामनरावांचा विनोद असाच असतो, तू गेलास तेव्हा होता तसाच.

तू जिवंत आहेस हे ठाऊक होतं. दर वर्षी कामाला गेलेलं कोणी ना कोणी परत येऊन सांगायचं, मधु होडीवर आहे, मधुनं मासेमार मांगेल्यांच्या घरची बायको केली, सासऱ्याकडेच राहतो. पण पत्ता कोणी आणला नाही. किंवा आणला असेल आणि बाबाच्या भीतीनं गिळला असेल.

त्या वैशाखात आमच्या दारात काय झालं ते तुला कोणी सांगितलं का रे? बाबानं मांडवाच्या मेढी स्वतः तोडल्या होत्या. ठकीच्या घरचे हळद घेऊन आले. तू हळदीपर्यंत येतो म्हणून होडीवर गेला होतास आणि आला नाहीस. दिवसभर बाबा वेशीवर उभा. उन्हं कलली तेव्हा परत आला, ठकीच्या बापासमोर, सगळ्या गावासमोर तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं आणि म्हणाला, "आजपासून मधुच्या घरचं पानी माझ्या घशाखाली जानार नाय."

आपल्यात पाणी तोडलं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. भांडण मिटतं, पण तोडलेलं पाणी आपोआप जुळत नाही. ज्याचा अपमान झाला त्यानं चार लोकांत स्वतःच्या हातानं पाणी पाजलं तरच. आणि पाणी पाजा म्हणून ठकीच्या दारात जाईल तो आपला बाप नव्हे.

ठकीची काळजी करू नकोस. तिला वांगणीला दिली. नवरा गरीब स्वभावाचा आहे, तीन पोरं आहेत, अंगानं चांगली भरली आहे. बाजारात भेटली की लांबूनच ओरडते, "काय गं नणंदबाय, होता होता राहिलेली!" आणि इतकी हसते की भाजीवाल्या बघत राहतात. मागं एकदा म्हणाली, "बरंच झालं गं. तुझा भाऊस मासे खानार, मला वासच सोसत नाय." म्हणजे तुझ्या पापाचं ओझं तिनं कधीच उतरवून ठेवलंय. एकट्या बाबानं अजून डोक्यावर धरलंय.

आता मुद्द्याचं. बाबाचा उजवा गुडघा गेलाय. आईनं एक शक्कल काढली आहे. तिनं घरात जाहीर केलं की समुद्राच्या गरम वाळूत पाय पुरून बसलं की गुडघा सुटतो, कोणा भगतानं सांगितलं. कोणत्या भगतानं ते विचारलं की तिला खोकला येतो. बाबा अजून हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही, आणि तुला तुझा बाप माहीत आहे.

तू काय म्हणतोस ते कळव. नवेदच्या हाती दे.

तुझी ताई
चंद्रकला


जव्हार
८ फेब्रुवारी २००४

मधु,

तुझं कार्ड मिळालं. "ताई, या. मधु." बस! तुला बाराखडी मी शिकवली, छडी मारून शिकवली असती तर दोन ओळी तरी लिहिल्या असत्यास. आईनं ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. वाचायला होतं काय त्यात? तरी दर वेळी म्हणाली, "परत वाच." आता ते तिच्या तांदळाच्या डब्यात आहे.

येतोय आम्ही. महाशिवरात्र झाली की पुढच्या रविवारी. नवेद दमणला रिकामा टेंपो घेऊन जातो, येताना माल भरतो. मागं गोधडी अंथरून आम्ही बसणार. तो म्हणाला, "बाई, भाड्याचं नाव काढलं तर मी तुमचा विद्यार्थी नाही." पाढे येत नसले तरी पोरगं सोन्यासारखं निघालं.

बाबा तयार झाला, पण त्याच्या अटी ऐक. तो समुद्राकडे येतोय, तुझ्याकडे नाही. तू त्याच्यासमोर यायचं नाही. तुझ्या घरी तो पाय ठेवणार नाही. दुधीचा तुंबा भरून स्वतःचं पाणी आणणार, भाकरी आणणार, मीठसुद्धा घरचं. मी म्हटलं, "बाबा, समुद्राकडे जाताना मीठ?" तर अशी नजर टाकली! बेचाळीस वर्षांची झाले, दोन पोरांची आई, पण त्या नजरेपुढं अजून पाटी हातात धरून उभी असल्यासारखं होतं.

तू रुसू नकोस. घरी बायकोला नीट समजावून सांग. दमयंती नाव ना तिचं? नवेदनं सांगितलं. तिला म्हणावं, पहिल्यांदा सासरची माणसं येतायत आणि उंबऱ्यापर्यंत येणार नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तिनं आमच्यासाठी काही रांधू नये. रांधलं आणि ते तसंच राहिलं तर तिला लागेल.

आई मात्र येईल तुझ्या घरी. तिनं पाणी तोडलेलं नाही. ती म्हणते, "मी कशाला तोडू? मी त्याला पाजलंय." हे बाबाच्या देखत म्हणाली बरं का. बाबा पायातला काटा काढत होता, काढतच राहिला. काटा बहुतेक नव्हताच.

ठकीनं तुमच्यासाठी नागलीचे पापड दिलेत. खरंच. मी तिला बाजारात सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पोराच्या हाती पाठवले. म्हणाली, माशाबरोबर तोंडाला चव येईल.

तुझी ताई


जव्हार
२४ फेब्रुवारी २००४

मधु,

काल शाळेत मुलांना निबंध दिला आणि मी हे लिहायला बसले होते, पण हेडमास्तर आले. आज रजा टाकली आहे. तुझ्यासाठी रजा टाकली, हे लक्षात ठेव.

तू सुरूच्या बनात उभा होतास. मला दिसत होतास, पांढरा शर्ट कशाला घातलास रे? लपायचं होतं ना? पण तिथून तुला बाबाची पाठच दिसली असणार. बाबाचं तोंड समुद्राकडे होतं आणि मी त्याच्या समोर बसले होते. म्हणून तुला न दिसलेलं सगळं सांगते. यातलं एक अक्षर पदरचं नाही.

आधी दमण. रविवार होता, गुजरातेतून माणसांचा लोंढा आलेला. दारूची दुकानं, हॉटेलं, गॉगल, घोडे, गाड्यांवर गाणी. टेंपो गर्दीत अडकला. बाबा फळकुटावरून डोकावून सगळं बघत होता. एका दारात माणसं बाटल्या घेऊन ओळीनं बसलेली. बाबानं विचारलं, "हे काय पितात?" नवेद म्हणाला, "बाबा, इथं सगळे हेच प्यायला येतात." बाबा म्हणाला, "एवढ्या लांबून? यांच्याकडं पानी नाय?" नवेद हसून हसून स्टिअरिंगवर पडला. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पण बघायचं सोडलं नाही.

आणि मग ती वाट. गर्दी सुटली, वाड्या लागल्या, ताड लागले, आणि एकदम काहीच आवाज नाही. नवेदनं आम्हाला उतरवलं आणि माल भरायला गेला. मी आजवर समुद्र फक्त नकाशात दाखवत आले, निळ्या खडूनं. बाबा वाळूच्या तोंडाशी उभा राहिला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठाय?"

खरंच नव्हता रे! ओहोटी होती. ओला चिखल, काळसर वाळू आणि पार पलीकडे एक चकाकती रेघ. आई म्हणाली, "आटला का?" बाबा म्हणाला, "फाल्गुन लागला ना. आपल्या नद्या आटतात तसाच हा." मी भूगोलाची बाई, मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

आई तुझ्या घराकडे गेली. कशी गेली ते तू पाहिलंस, पोरीसारखी गेली. आम्ही दोघं राहिलो. बाबानं काय केलं, तर तुंबा घेऊन त्या ओल्या वाळूत पार खाली गेला आणि गळ्यापर्यंत पुरून आला. आपण नदीवर पाणी गार राहायला पुरतो तसाच. वर चपलाही ठेवल्या, खूण म्हणून. मग वर येऊन कोरड्या वाळूत पाय पुरून बसला. मी वाळू लोटत होते. मला म्हणाला, "चंदे, हा गुडघा सहा पावसाळे दुखतोय. तुझ्या आईला समुद्र आत्ताच बरा आठवला." मी वाळू लोटत राहिले.

आणि तो आला. समुद्र म्हणते मी. आवाज नाही, गडबड नाही, आपण बोलतोय तोवर अर्धी वाट चालून आला. बाबा बघत होता. नदीला पाणी वरून येतं, डोंगरातनं, आधी गर्जना होते, मग माणूस गुरं हाकून घेतो. खालून वर येणारं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. "हा वर कसा चढतो?" म्हणाला. मग एकदम ओरडला, "माझा तुंबा!" पाय वाळूत पुरलेले. मी धावले, साडी भिजली, पण चपला तरंगत निघाल्या होत्या आणि तुंबा दिसेनासा झाला होता. एक चप्पल मिळाली. डावी.

आता ऊन बघ. घसा कोरडा. घरच्या पाण्याचा कॅन टेंपोत राहिलेला आणि टेंपो दमणमध्ये. मी म्हटलं, "बाबा, घर इथंच आहे, मी पाणी घेऊन येते." ओठांना भेगा पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला समोर घर दिसतंय आणि तो तोंड फिरवून बसतो, तेव्हा राग करावा की पाया पडावं? मी दोन्ही केलं. हात जोडून म्हटलं, "मरशील रे!" तर उठला आणि वाळू उकरायला लागला.

तुला लांबून ते काय वाटलं असेल? तो झिरा खणत होता. चैत्रात नदी आटली की आपण वाळूत खड्डा खणतो आणि हळूहळू गोड पाणी झिरपतं, तसा. हाताभर खोल गेला, पाणी आलं. ओंजळ भरून घेतली आणि थुंकला. थोडं बाजूला दुसरा खणला. तोही खारट. तिसराही तसाच. एवढी वाळू, एवढं पाणी, आणि रघुला झिरा लागत नाही! त्याच्या तोंडावर जे होतं ते मी फक्त एकदा पाहिलं होतं, त्या दिवशी, वेशीवर.

तेव्हा ती आली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. मला तिचं नाव सांगायची गरज पडली नाही, तुझ्या कार्डावर नसलेल्या सगळ्या ओळी तिच्या तोंडावर होत्या. मला वाटलं, आता ही हंडा उतरवणार, पाणी पुढं करणार आणि बाबा उठून चालू लागणार. पण तिनं हंडा उतरवलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, खाली कशाला खणता? तिथं खारंच लागेल. वर त्या ताडाखाली झिरा हाय, गोडा. कोणीबी पितं." आणि चालू लागली. मागं वळून बघितलं नाही.

बाबा उठला. एका पायात चप्पल, गुडघा धरत धरत वर गेला. मी मागं. झिऱ्याला भोवती काट्याचं कुंपण, गुरं शिरू नयेत म्हणून, आणि एका खुंटीला करवंटी उपडी टांगलेली. बाबा खूश झाला. "माणूस शहाणा हाय," म्हणाला, "खणनारा." वाकला. करवंटी हातात घेतली आणि थांबला.

आत टोपली होती. बिनबुडाची, वाळू ढासळू नये म्हणून झिऱ्यात उतरवलेली. आपल्या घरी उतरवतो तशी. बाबानं काठावरून बोट फिरवलं. सावकाश, पूर्ण गोल. काठ बांबूच्या दुहेरी कामटीचा आणि गाठ आतल्या बाजूला. गाठ आत ठेवायची रीत त्याची एकट्याची, पाणी भरणाऱ्या बायकांच्या साड्या अडकतात म्हणून. तो ती फक्त एका माणसाला शिकवून गेला... म्हणजे अजून गेला नाही, जिवंत आहे, माझ्या हातानं भलतंच लिहिलं. ओसरीवर बसून, तुझ्या बोटांवर कामटी मारून मारून शिकवली होती.

त्याचं बोट गाठीवर येऊन राहिलं. मी समोर होते, मधु. त्याला कळलं. मला कळलं की त्याला कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ताडाकडे बघितलं. आता हा करवंटी टाकून उठणार, असंच माझ्या मनात आलं. संध्याकाळपर्यंत तहानेनं तडफडेल पण पिणार नाही.

तो खाली बसला. करवंटी बुडवली आणि प्यायला. घटाघटा नाही, थांबून थांबून. परत बुडवली, परत प्यायला. तोंडावर मारलं. मग ओल्या हातानं डोळे पुसले आणि ते बराच वेळ पुसत राहिला. मी तोंड फिरवलं. मला त्या वेळी सुरूत जाऊन तुला हाताला धरून आणावंसं वाटलं, पण हललेच नाही. काही मोडेल असं वाटलं.

शेवटी म्हणाला, "पानी बरं हाय." आणि लगेच, "कामट्या ओल्याच वळल्यात. बांबू उजेडाच्या पक्षात तोडलेला. पावसाळ्याआधी कुजेल." हे तुला कळवायला सांगितलं नव्हतं, पण कळवते.

मग नवेदचा भोंगा वाजला, आई तुझ्या घरून आली, पदरात चिकू आणि डोळे सुजलेले. तुला वाटलं असेल बाबा वळूनही न बघता गेला. हो, नाही वळला. पण तलासरीला चहाला थांबलो तेव्हा काय झालं ते ऐक. बशीतला चहा फुंकत, कोणाकडेच न बघता म्हणाला, "वाळलाय."

आई म्हणाली, "कोन?"

"झाडांपाशी उभा होता तो. उन्हात कशाला उभा राहायचं? सावली होती ना."

नवेद बिचारा ग्लासात बघत बसला. मग बाबा म्हणाला, "ती हंडेवाली. तीच ना?"

मी म्हटलं, "तीच."

"डोक्यावर भरलेला हंडा होता. मी तहानेला. द्यायला काय जात होतं तिला? नाय दिलं. मला माझा शब्द मोडायला लावला नाय." चहा संपवला, बशी पालथी घातली. "शहाणी हाय पोर."

मी धीर करून विचारलं, "पण बाबा, पाणी तर प्यालास ना?" तर म्हणतो, "झिऱ्याचं पानी कोनाच्या घरचं नसतं." आई म्हणाली, "आन टोपली?" बाबा म्हणाला, "टोपली माझी हाय." आणि टेंपोत जाऊन बसला.

मधु, पुढं काय होईल मला माहीत नाही. मला आजपर्यंत वाटत होतं की तू आमचं सगळं तिकडे टाकून गेलास. तू तर खारट वाळूत जाऊन बापाचा झिरा खणलास, आणि वस्ती तुझ्या टोपलीतलं पाणी पिते. मला किती बरं वाटलं हे लिहायला बसले तर वही पुरायची नाही. दमयंतीला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नव्हे, नमस्कार. मी मोठी असले तरी.

तुझी ताई

ता. क. बाबा एका चपलेनं घरी आला. दुसरी तिकडे लागली तर ठेव.


जव्हार
१८ एप्रिल २००४

मधु,

हे पत्र नवेदच्या हाती देतेय आणि त्याला सांगितलंय की वाटेत कुठे चहाला थांबायचं नाही.

होळी झाल्यावर अंधाऱ्या पक्षात बाबानं बांबू तोडला. कशासाठी ते सांगितलं नाही. वाळवला, चिरला, महिनाभर ओसरीवर कामट्या तासत बसला. कोणी विचारलं की "कोंबड्यांना डालगं" म्हणायचा. बिनबुडाचं डालगं असतं का? आई आत तोंडाला पदर लावून हसायची.

परवा मी जामसरला बाबाकडे गेले होते. सकाळीच बाबा उठला, डोक्याला फडका बांधला आणि म्हणाला, "चंदे, चल." मी म्हटलं, "कुठं?" म्हणाला, "वांगणीला." त्या गुडघ्यानं, ती वाट! अर्धी वाट जीपनं गेलो, उरलेली चालत. ठकीच्या अंगणात पोचलो तेव्हा ती गोवऱ्या थापत होती. तिचा नवरा, सासरा, शेजारची दोन-चार माणसं होती. बाबा उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं. सत्तरीचा माणूस, आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही त्यानं.

ठकीनं त्याला बोलूच दिलं नाही. हात धुतले, आत गेली, तांब्या घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, पी. किती वर्षं वाट बघायला लावलीस? मी तर तांब्या घासून ठेवला होता." आणि वर, "मधुला म्हनावं, पापड आवडले का ते कळवायची पद्धत असते!"

बाबा तिथंच प्यायला. ठकीचा सासरा म्हणाला, "जुळलं." सगळे म्हणाले, "जुळलं." एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण म्हातारे होत आलो, मधु. येताना बाबा माझ्या पुढं चालत होता. गुडघ्याचं नाव नाही. मी ठकीला जन्मभर विसरणार नाही.

आता नीट वाच, हे बाबानं सांगितलेलं लिहितेय. माझ्याबरोबर जव्हारला आलाय, समोर बसलाय, मी लिहिते तसं कागदाकडे बघतोय, एक शब्द गाळू देत नाही.

गुरुवारी अखाजी आहे, शाळेच्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया. नवेद त्या दिवशी येणार, त्याच्याबरोबर बाबा येतोय. आईही. नवी टोपली घेऊन. जुनी तू काढायची नाहीस, तो स्वतः काढणार, कारण तू वाळू ढासळवशील. करवंटी फुटकी आहे ती बदल. कुंपणाला पूर्वेकडे भगदाड आहे, शेळी शिरेल.

सुरूखाली उभं राहायचं नाही. रस्त्यावर यायचं.

आणि विचारतोय, घरात माठ आहे का. नसला तर अखाजीच्या आत घे. लाल नको, काळा घे, काळ्यात पाणी गार राहतं. दमयंतीला सांग, भरून ठेव. तिच्या हातचं पिणार म्हणतोय.

मी विचारलं, "अजून काही लिहू?" तर म्हणाला, "नको. एवढं वाचलं तरी पुष्कळ हाय त्याला."

तुझी ताई